ग्वायाकीलमधला बेंदूर

आगबोटतात्या कुठंही टेकले, की आधी बोटानं जमिनीवर नदी काढायचे. गुऱ्हाळावर बसोत, न्हाव्यापुढं बसोत, नाहीतर कुणाच्या दहाव्याला ओढ्याकाठी बसोत. समोर माती दिसली की त्यांचं बोट चालायला लागायचं. नदी झाली की तिच्या एका अंगाला धक्का. धक्क्यावर खड्यांची रांग, म्हणजे दिव्यांचे खांब. मध्ये उभी काडी, म्हणजे घड्याळाचा मनोरा. वरच्या टोकाला मातीची चिमूट, म्हणजे टेकडी, आणि टेकडीवर जुन्या तोफा. मग हात झाडून ते आमच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "हं. ह्ये झालं ग्वायाकील. आता चला."

आणि आम्ही चालायला लागायचो. अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईकसुद्धा.

तसा परदेश आमच्या गावाला नवा नव्हता. कोरेगावच्या खालच्या अंगाला आमचं गाव. दर दोन-तीन घरांमागं एक जण पलटणीत. कुणी बसरा बघितलेला, कुणी मिसर. पण पलटणीतल्या माणसाला परदेश विचारला, की तो तंबू, डाळ आणि सुभेदार एवढंच सांगायचा. तात्यांनी शहर आणलं होतं. आख्खं, गल्ल्यांसकट, आणि तेही दक्षिण अमेरिकेतलं. गावातल्या निम्म्या बायकांनी सांगली बघितली नव्हती, पण ग्वायाकीलच्या घड्याळापासून बाजारापर्यंत पावसात न भिजता कसं जायचं हे त्यांना ठाऊक होतं. "समद्या घरांची म्होरली माडी खांबांवर. खालनं वाट. शहराच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर चाल, डोईवर थेंब न्हाई," असं तात्या सांगायचे, आणि आमच्या गळक्या शाळेकडं बघायचे.

तात्या खरं तर पलटणीतच जायचे. भरतीच्या साहेबानं फीत लावली, छाती फुगव म्हणाला. तात्यांनी अशी फुगवली, की सदऱ्याचं बटण तुटून साहेबाच्या कागदावर पडलं. तरी छाती अर्धा इंच कमीच भरली. आता गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून ते परस्पर मुंबईला गेले, आणि गोदीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं बोटीवर आगवाले झाले. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात राहून भट्टीत कोळसा मारणारा. "तितनं समुद्र दिसतो व्हय तात्या?" असं मी एकदा विचारलं.

"न्हाई. पर ऐकू येतो," ते म्हणाले.

मी त्या वेळी मॅट्रिकला एकदा गटांगळी खाऊन घरी बसलो होतो. साताऱ्याच्या शाळेत मी काय शिकलो, तर हेडमास्तरांचं खाकरणं, शास्त्रीबुवांचं तपकीर ओढणं आणि घंटा देणाऱ्या शिपायाची चाल. गावात मला नकल्या म्हणायचे. स्टेशनमास्तर, तलाठी, आमच्या चुलत्याचा रेडा, कुणी सुटलं नव्हतं. तात्यांचा आवाज मात्र पंधरा दिवस जमेना. तो घशातनं यायचाच नाही. भट्टीचं दार हळूच उघडावं तसा छातीच्या तळातनं यायचा, आणि आकडा किंवा दिशा सांगायची वेळ आली की मध्येच थांबायचा. चुकीचं तोंडातनं जाऊ नये म्हणून. ती थांबायची जागा मला सापडली आणि तात्या जमले. इतके जमले, की एकदा मी ओसरीवरनं "चहा टाक" म्हणालो, तर आतनं काकींनी चहा टाकला.

काकी म्हणजे तात्यांची बायको. त्यांचं मूलबाळ काही नव्हतं. तात्या बोटीवर असताना जमीन काकींनी बघितली, बैल काकींनी राखले. तात्यांच्या गोष्टीत त्या कधी येऊन बसल्या नाहीत. पण तात्या बाहेर शहर दाखवत असले आणि एखादी गल्ली मागंपुढं झाली, की दाराआडनं आवाज यायचा, "आदी कोकोची गल्ली. मग बाजार." तात्या माती पुसून पुन्हा काढायचे.

एका हिवाळ्यात गुऱ्हाळावर आम्ही पाचसहा जण रस आटायची वाट बघत बसलो होतो. तात्या यायचे होते. तेवढ्यात त्यांच्या नावानं मी सुरू झालो. नदी काढली, धक्का काढला, आणि लोक हसायला लागल्यावर मला चेव आला. तात्या आम्हाला शहर दाखवायचे, पण बेटांवर कधी नेत नसत. शहरातनं बोट नदीनं खाली समुद्रात उतरते आणि पुढं तीन-चार दिवसांवर बेटं आहेत, एवढं सांगून ते हात झाडायचे. मी हात झाडले नाहीत. त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखं थांबत थांबत, मी बेटं उघडली. हत्तीएवढी कासवं, कासवावर बसून डाक वाटणारा पोस्टमन, आणि त्याचं कासव पोचेपर्यंत म्हातारी झालेली नवरी. लोक चिपाडांच्या ढिगावर लोळत होते. मग एकेक जण गप्प व्हायला लागला. तात्या मागं उभे होते.

ते चिडले नाहीत. काहिलीतल्या रसाकडं बघत म्हणाले, "नकल्या, माजा आवाज घे. तुला दिला. पर त्यात खोटं घालू नगंस. म्या बेटं बगितली न्हाईत."

माझं तोंड एवढंसं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आवं तात्या, मग का न्हाई बगितली, त्ये तरी सांगा की."

ते बसले. आणि पहिल्यांदाच नदी न काढता बोलले.

लढाईचे दिवस होते. त्यांची बोट सिमेंट आणि पिण्याच्या पाण्याची पिंपं घेऊन बेटांवर जायची होती, तिथं गोऱ्यांचा विमानतळ होता म्हणून. पण बोटीत कसला तरी नळ फुटला आणि दुरुस्तीपायी ती अकरा दिवस ग्वायाकीलला नदीत उभी राहिली. तात्या आणि त्यांचा जोडीदार बिरू रोज धक्क्यावर उतरायचे. हा बिरू कवठे महांकाळचा, मेंढरं सोडून बोटीवर आलेला धनगर. आख्ख्या बोटीवर घाटावरचे हे दोघंच. एक शहर बघायचा, दुसरा त्याला नावं ठेवायचा.

"कोकोच्या बिया रस्त्यावरच वाळत टाकत्यात," तात्या सांगत होते. "सांगलीच्या पेठंत हळद आसती तशी. मान्सं अनवानी त्यातनं पाय वडत हिंडत्यात, बिया उलट्या करत. वास आसा, की पोट भरतं. आन बागंत घोरपडी. केवढ्या? हां... ह्या एवढ्या, मांडीएवढ्या. झाडावरनं टपकन म्हाताऱ्याच्या मांडीवर पडती, आन म्हातारा पेपर वाचतोया. नदी तर लयच येडी. सकाळी खाली जाती, भरती आली की मागं येती. हिरव्या पानवेली सकाळी गेल्या त्याच परत येत्यात. बिरू म्हनला, तात्या, ह्या नदीचं कायतरी हरवलंया."

रोज संध्याकाळी धक्क्यावर म्हातारे खलाशी बेटांबद्दल बोलायचे. एक गोष्ट तात्यांच्या डोक्यात बसली. त्या बेटांवरची पाखरं माणसाला भीत नाहीत. माणूस म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही. हात पुढं केला की येऊन बसतात.

"जल्मभर जोंधळ्यात माळ्यावर उभा राहून गोफन फिरवली," तात्या म्हणाले. "बापानं फिरवली, आज्यानं फिरवली. पाखरू म्हंजी आपल्याला बगून उडतं त्ये. न उडनारं पाखरू कसं आसतं, एकदा बगायचं हुतं गड्या."

"मग?"

"मग बेंदूर आला."

आता बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, हे वाचकांना सांगायला नको. पण बोटीवर पंचांग कुठलं? तात्या चांदावर मोजायचे. बिरूच्या गावचा कर्नाटकी बेंदूर महिन्याआधीच होऊन गेला होता, त्यामुळं तो तात्यांच्या बेंदराला शिळा बेंदूर म्हणायचा. अकराव्या दिवशी बोटीचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला, उद्या सकाळी निघायचं. तात्यांनी चांद बघितलेला होता. बेंदूर आजच. पुढं समुद्रात बैल कुठला भेटणार?

त्यांनी बाजारातनं वाळक्या पानात गुंडाळलेली गुळाची ढेप आणली. हरभऱ्याची डाळ मिळाली नाही, म्हणून घेवड्यासारख्या बिया शिजवून पुरण घातलं. बोटीच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून लावतात तो शेंदरी रंग डबीभर मागून घेतला. बिरूला म्हणाले, दुपारपातूर येतो. आणि होडीनं नदीपलीकडं गेले, बैल शोधायला.

बैल सापडले. एक म्हातारा शेतकरी केळीचे घड गाडीत भरून नदीकाठी नेत होता. पण तात्यांनी आधी जू बघितलं. तिकडं जू मानेवर ठेवत नाहीत. शिंगांना वादीनं आवळून बांधतात. बैलानं सगळी गाडी डोक्यानं ओढायची. त्यात शिंगं रंगवायची कशी? जागाच नाही.

"म्या हात जोडलं. म्हाताऱ्याला वाटलं, भीक मागतोया. त्येनं केळं दिलं. म्या केळं बैलाला दिलं. मग बैलाच्या पाया पडलो. तवा म्हातारा गाडीवरनं उतरला. म्या खुनंनं सांगितलं, आज सोड ह्येंला. आज ह्येंची सुट्टी. त्येनं केळीच्या घडांकडं बोट केलं. म्हंजी, ह्ये कोन न्हील? म्या म्हनलं, मी."

"मराठीतनं?"

"मराठीतनंच. त्येला कळलं."

शेतापासनं नदीपर्यंत केळीचा एकेक घड खांद्यावर घेऊन तात्यांनी खेपा घातल्या. बैल सावलीत मोकळे उभे. शिंगं शेंदरी. पोळी खाऊन जिभा बाहेर काढून ते तात्यांकडं बघत होते. म्हाताऱ्याची म्हातारी बाहेर आली, हसली, पुन्हा आत गेली आणि फुलं घेऊन आली. शेवटचा घड नदीवर पोचला, तेव्हा म्हाताऱ्यानं डोक्यावरची वेताची टोपी काढली. तात्यांना वाटलं, आपल्यासाठी. पण तो बैलांपुढं वाकला.

"तवा ऊन कलतं झालं हुतं," तात्या म्हणाले. "होडीतनं अलीकडं आलो. बोटीच्या जागी पानी."

वरनं हुकूम आला होता. दुपारच्या ओहोटीबरोबर बोट सुटली होती. नदीच्या खालच्या वळणावर थोडा धूर होता. तो आपल्याच बोटीचा का, हेसुद्धा तात्यांनी कधी ठामपणे सांगितलं नाही.

दोन महिने ते त्या शहरात पायानं कोको वाळवत राहिले, आणि मग दुसऱ्या एका बोटीनं मुंबईला पोचते झाले. आमचं शहर त्या दोन महिन्यांतलं. बिरू बेटांवर गेला.

गुऱ्हाळावर रस उतू जायला लागला, तेव्हा गुळव्या उठला.

त्यानंतर तात्यांनी मला त्यांची नळी दाखवली. नळी म्हणजे खलाशाच्या चाकरीचं पुस्तक. ती असल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवता येत नाही. तिच्यात शेवटच्या पानावर तांबड्या शाईनं इंग्रजी शब्द होता. मी वाचला.

"म्हंजी?"

"म्हंजे... पळपुटा."

"म्या पळालो न्हाई," तात्या म्हणाले. "बोट पळाली."

तो शब्द खोडून मिळाला तरच त्यांना पुन्हा बोट मिळणार होती, आणि बोट मिळाली तर कधी ना कधी बेटं. तेवढंच त्यांना हवं होतं. पलटणीतनं परत आलेला माणूस जमीन मागतो, पेन्शन मागतो. हा माणूस पाखरू मागत होता. मुंबईच्या कचेरीला अर्ज करायचा ठरला आणि गावातला शिकलेला म्हणून तो मी लिहायचा.

"तात्या, आजारी हुतो म्हनून लिवू या. दवाखान्यात हुतो."

"न्हवतो की."

"मग रस्ता चुकलो म्हनू."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला कागदाआड लपावंसं वाटलं. "म्या? ग्वायाकिलात?"

"आवं, साहेबाला पटायला पायजे न्हवं!"

"बैलांना सुट्टी दिली म्हनून बोट चुकली, आसं ल्ही."

आता बेंदराला इंग्रजी शब्द कुठनं आणू? मी डोकं खाजवून 'बुलक्स ख्रिसमस' असं लिहिलं. साहेब वेडा झाला असेल. पण दोन महिन्यांनी उत्तर आलं, की त्याच बोटीवरचा साक्षीदार असेल तर त्याची जबानी अंगठ्यासह पाठवावी.

म्हणून आम्ही बिरूला शोधायला निघालो. कोरेगावला गाडी धरून मिरज, मिरजेहून छोट्या गाडीनं कवठे महांकाळ. छोटी गाडी इतकी हळू चालायची, की मी खाली उतरून तिची नक्कल करत शेजारनं चाललो. तात्या हसले नाहीत. खिडकीतनं बघत होते. ऊस संपला, विहिरी संपल्या, मग झाडंही संपली. उरला नुसता माळ.

बिरू त्या माळावर मेंढरांमागं सापडला. खांद्यावर घोंगडं, पायांशी कुत्रं. त्यानं तात्यांना लांबनंच ओळखलं. मला वाटलं, मिठी मारेल, रडेल. त्यानं तिथनंच हाळी दिली, "झाला का रं तुजा शिळा बेंदूर?"

"झाला," तात्या ओरडले.

"पुरन झालंतं?"

"घेवड्याचं!"

"शी!" बिरू म्हणाला, आणि मग येऊन त्यानं तात्यांचे दोन्ही दंड धरले ते सोडलेच नाहीत. "सारंगाला लय म्हनलो, थांबवा, आमचा मानूस बैलाला पोळी घालाय गेलाय. त्यो हसाया लागला. म्हनला, पानी थांबतंय व्हय?"

मी जबानी लिहून घेतली. बिरूनं शाईचा अंगठा उठवला आणि उरलेली शाई कुत्र्याच्या पाठीला पुसली. काम झालं. पण तात्या उठेनात. मेंढरं पुढं सरकली, बिरू उठला, पुन्हा बसला.

"बिरू," तात्या म्हणाले. "बेटं."

बिरूनं मान वळवून सगळीकडं बघितलं. मग हात लांब करून एक फेरी मारली. "ह्ये आसंच," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"आसंच, गड्या. काळं धोंडं. निवडुंग, मानसाच्या उंचीचा. बाभळीगत झाडं, आन एकावर पान न्हाई. पानी तर थेंब न्हाई, पानी आमीच पिपातनं नेलतं. म्या कठड्याला धरून बगितलं आन मला वाटलं, बोट चुकून कवठ्याला आली. म्या रडाया लागलो. सारंग म्हनला, काय झालं रं? म्हनलं, घर आलं."

तात्या कितीतरी वेळ त्या माळाकडं बघत राहिले. मग हळूच विचारलं, "आन पाखरं?"

"त्ये खरं हाय," बिरू म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "एक माज्या डोईवर बसलं. म्या हाललो न्हाई. त्येला वाटलं आसंल, खांब हाय. त्येचं पाय गरम हुतं तात्या."

जवळच खडकावर एक चंडोल उतरला होता. तात्यांनी आमच्या शिदोरीतनं भाकरीचा तुकडा घेतला, तळहातावर चुरला आणि हात पुढं धरला. धरूनच राहिले. चंडोलानं मान वाकडी केली, दोन पावलं आला, आणि भुर्रकन उडाला. बिरूचं कुत्रं येऊन तो चुरा चाटून गेलं.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "चला, बरं झालं. बेटं बगून झाली तुमची. आता कशाला मुंबई अन् काय."

"त्यो माळ हाय नकल्या. बेट न्हवं." ते थांबले. आकडा सांगताना थांबायचे तसे. "चारी अंगानं पानी, मदी आपला माळ, आन पाखरू भ्यालेलं न्हाई. आसं कुटं तरी हाय. आन बिरू तितं जाऊन आलाय."

पुढच्या जेठात कचेरीचा कागद आला. तांबडा शब्द रद्द केला होता. अमुक तारखेला मुंबईला हजर व्हावं. मी ओसरीवर मोठ्यानं वाचला, आणि दाराआडनं विचारणा झाली, "कवा?"

मी तारीख सांगितली. काकींनी चांदावर मोजलं असणार. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "बेंदराआदी आठ दिस."

गावात पैजा लागल्या. बेंदूर टाकून हा माणूस जातोय कसला, असंच सगळ्यांचं मत होतं. माझंही. शेवटी न राहवून मीच काकींना म्हणालो, "काकी, तुमी थांबा म्हनलं तर ऱ्हातील की."

काकी जात्याचा खुंटा ठोकून बसवत होत्या. "ऱ्हातील," त्या म्हणाल्या. "आन मग रोज जिमिनीवर नदी काडतील. तिच्यात बोट न्हसती. म्या किती वरसं बगू?"

तात्या गेले. कोरेगाव स्टेशनवर पोचवायला मी होतो. काकी आल्या नाहीत, गोठ्यात काम आहे म्हणाल्या. तात्यांनी मला सगळ्या सूचना दिल्या: शिंगं आधी तासून घे, शिंगांचा हिंगूळ फळीवर ठेवलाय, हौशा बैलाला डावीकडनं झूल घाल, उजवीकडनं बुजतो. गाडी हलली तरी ते सांगतच होते. शेवटी त्यांचे ओठ नुसते हलताना दिसले आणि मला ऐकू आलं नाही, तरी मी मान डोलावली. कसली सूचना होती कुणास ठाऊक.

आता तीन वर्षं झाली. मी साताऱ्याला एका कचेरीत चिकटलोय. इथल्या साहेबाची नक्कल चांगली जमते, पण ती करून दाखवावी असा माणूस भेटत नाही. तात्यांची दोन कार्डं आली, दोन्ही कुणाकडनं तरी लिहून घेतलेली. एक डरबानचं, एक त्याच्याही पलीकडचं. दोन्हींत शेवटी तेच होतं: बेटं अजून नाहीत. खोटं त्यांनी कार्डातही घातलं नाही.

पण मला सारखा आठवतो तो ते गेल्यानंतर आठ दिवसांनी आलेला बेंदूर. वाजंत्री वाजत होती. सगळ्या आळीतली जनावरं ओढ्यावरनं धुऊन आणली होती. तात्यांच्या गोठ्यात हौशा आणि त्याचा जोडीदार खाली माना घालून उभे. आठ दिवस त्यांनी वैरण नीट खाल्ली नव्हती. काकींनी स्वतः शिंगं रंगवली होती, हाताला कोपरापर्यंत हिंगूळ लागला होता. पुरणपोळीचं ताट पुढं केलं, की बैल तोंड फिरवायचे. दोनदा केलं, तीनदा केलं. मग ताट तसंच हातात धरून त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नकल्या, त्येंच्यावानी हाक मार जरा."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. छातीतलं भट्टीचं दार उघडलं. "हौशाऽ, ये रं बाबा. ये."

दोन्ही बैलांनी माना वर केल्या. कान टवकारले. हौशा पुढं आला, त्यानं मला हुंगलं, आणि मग माझ्या खांद्यावरनं मागं दाराकडं बघत राहिला. काकींनी त्याच्या तोंडात पोळी दिली. त्यानं खाल्ली.

"आनी एकदा," काकी म्हणाल्या.

मी हाक मारली. दुसऱ्या बैलानं पोळी घेतली. दोघं दाराकडं बघत चघळत राहिले.

"आनी एकदा."

ताट आता रिकामं होत आलं होतं, बैल नीट खायला लागले होते. कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी मारली हाक. तिसऱ्यांदा बैलांनी मान वर केली नाही. काकींनी केली.